घडवणाऱ्याचा जीव मूर्तीत अडकला तर: प्रोमिथ्यूस, प्रजापती आणि आमची गणपतीची शाळा

आखणी:

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याच्या बाजूला आमची गणपतीची शाळा आहे, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, आजोबांपासूनची. मूर्ती बाबा करतात. डोळ्यांची आखणी गेली नऊ वर्षं मी करते. आषाढ लागलाय, आता पाट यायला लागतील. आमच्याकडची पद्धत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे बऱ्याच घरांतून गणपतीचा पाट आधी शाळेत पोचवतात. घरातला, पिढ्यान्‌पिढ्यांचा पाट. त्याच्यावरच मूर्ती उभी राहते आणि चवथीला त्या पाटासकट घरी जाते. म्हणजे मातीचा पहिला गोळा थापायच्या आधीच ती मूर्ती कुणाची ते ठरलेलं असतं.

हे सगळं आठवायला कारण झाली एक ग्रीक गोष्ट. प्रोमिथ्यूस आपल्याला माहीत असतो तो देवांची आग चोरणारा, कॉकेशसच्या कड्याला जखडलेला, ज्याचं यकृत गरुड रोज टोचून खातो तो. पण ग्रीकांच्या समजुतीत माणूस घडवणाराही तोच. चिखलातून, आपल्या मूर्तिकारासारखा. हायजिनस या लॅटिन लेखकाने ताऱ्यांच्या कथा सांगितल्यात, त्यात ग्रहांच्या भागात चार-पाच ओळींची एक कथा आहे. ती त्याने त्याच्याही आधीच्या हेराक्लिडीस या ग्रीकाच्या नावावर दिली आहे. प्रोमिथ्यूस माणसं घडवायचा आणि घडवलेलं प्रत्येक माणूस नेऊन देवांचा राजा ज्युपिटर याच्यापुढे उभं करायचा. त्यात एक मुलगा असा उतरला की बाकीचे त्याच्यापुढे फिके. नाव फायनोन, म्हणजे झळकणारा. त्याला द्यायला प्रोमिथ्यूसचं मन होईना. त्याने तो मागे ठेवला. प्रेमाचा देव क्युपिड, त्याने वर जाऊन सांगितलं. मग देवांचा दूत मर्क्युरी आला, त्याने फायनोनची समजूत काढली, चल, अमर होशील. फायनोन गेला आणि ग्रह होऊन आकाशात लागला.

एवढीच गोष्ट. प्रोमिथ्यूसला त्यानंतर काय वाटलं, त्याने पुढचा माणूस कधी घडवायला घेतला, यावर एक अक्षर नाही. मला रात्रभर तेच दिसत राहिलं. हात चिखलाने भरलेले आणि समोरची जागा रिकामी.

कारण हे मी आमच्या घरात पाहिलंय. मी दहावीत होते. डोंगराकडच्या एका घराचा पाट होता, मूर्ती दीड फुटाची, साधी बैठी. पण चेहरा असा आला होता की बघताना आम्ही बोलायचे थांबायचो. हसू यायच्या आधी माणसाचा गाल जसा किंचित हलतो, तसं काहीतरी सोंडेच्या मुळाशी उतरलं होतं. बाबांना ते परत कधी जमलं नाही, तेही मान्य करतात. त्यांनी ती मागच्या फळीवर नेली, दुसऱ्या मूर्तींच्या आड. बाकीच्या सुकल्या, सफेदा लागला, रंग चढले. हिच्यावर मात्र रोज ओलं फडकं. शाडू ओला राहिला की रंग लावता येत नाही, रंग नाही तर आखणी नाही, आखणी नाही तर मूर्ती पुरी नाही. आम्हाला सांगायचे, मानेजवळ काम बाकी आहे. मान कधीच झाली होती.

चवथीला पाच दिवस उरले तेव्हा आईने जेवताना विचारलं, "त्यो पाट कोणाचो आसा?" बाबा काही बोलले नाहीत. रात्री उठून त्यांनी फडकं काढलं, दोन मोठे दिवे लावून मूर्ती सुकवायला घेतली. हरतालिकेच्या रात्री आखणी केली. पहाटे माणसं न्यायला आली तेव्हा ते मागच्या दारी हात धूत होते. माणसं वाडीच्या टोकाला पोचेपर्यंत हात धूतच होते. दीड दिवसाने विसर्जन झालं, तेव्हा ते व्हाळाच्या पलीकडच्या काठाला जाऊन उभे होते. त्या घरच्यांना हे अजून माहीत नाही.

माझं विचारणं असं आहे. घडवणाऱ्याचं आपल्या एखाद्या घडवलेल्यावर असं मन बसणं, हे आपल्याकडच्या कथांत कुठे येतं? आणि प्रोमिथ्यूसचं चुकलं का? माझ्या मते चुकलं, पण मला त्याची बाजू समजते.

जुनी पोथी:

फार मनापासून लिहिलंय तुम्ही. रत्नागिरीत राहतो, शिकवायचं काम संपवून आता वाचत बसतो, म्हणून थोडी भर घालतो.

आपल्याकडे याचं एक फार जुनं रूप ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात आहे. प्रजापती, म्हणजे सगळ्या प्रजेचा निर्माता, स्वतःच्या मुलीच्या मोहात पडला. ती द्यौ होती असं काही म्हणतात, उषा होती असं काही. ती हरिणी झाली, तांबूस रंगाची, रोहित. हा हरीण होऊन मागे लागला. देवांनी पाहिलं आणि म्हणाले, प्रजापती 'अकृत' करतो आहे, कुणी न केलेलं, करू नये असं. त्याला शिक्षा करील असा एकटा कुणी त्यांच्यात नव्हता. मग प्रत्येकाने आपापलं जे सर्वांत भयंकर रूप होतं ते काढून एकत्र केलं आणि त्यातून एक देव उभा राहिला. त्याने बाण मारला. विद्ध झालेला प्रजापती वर उडाला, तो मृग. मारणारा तो मृगव्याध. ती हरिणी रोहिणी. आणि तीन कांडांचा बाण अजून मृगाच्या पोटात रुतलेला दिसतो.

मत्स्यपुराणात ब्रह्मदेव आणि शतरूपा आहेत. ती प्रदक्षिणा घालते आणि तिला पाहत राहता यावं म्हणून त्याला चारी दिशांना तोंडं फुटतात, वर पाचवं. देहातून निघालेली, म्हणून ती त्याची मुलगी. सोपाऱ्याच्या चक्रेश्वर मंदिरात ब्रह्मदेवाची जुनी मूर्ती आहे. ती तोंडं बघताना ही कथा आठवते आणि मला तिथे जरा गप्प व्हायला होतं.

पण एक लक्षात घ्या. तुमच्या प्रोमिथ्यूसची आणि प्रजापतीची तुलना सरळ होत नाही. एकाने आपलं माणूस मागे ठेवलं, दुसरा मागे धावला.

मिरग:

पोथीकाकांनी मृगाचं काढलंत, आता मला राहवत नाही. आम्ही देवगडचे, घरात होडी. आजो मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांना तिकांडा म्हणायचा. त्याला ऐतरेय वगैरे काही माहीत नव्हतं, पण शब्द बघा, तीन कांडांचा बाणच!

मार्गशीर्षात रात्री किनाऱ्यावर डोंगराकडे तोंड करून उभे राहा. तिकांडाची रेघ मनाने खाली वाढवलीत तर व्याधावर जाते, आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा तो. तीच रेघ वर वाढवलीत की जवळपास रोहिणीवर, तो तांबूस तारा. मारणारा, बाण, हरीण, हरिणी, सगळी एका ओळीत. ज्याने ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली त्याने आकाश बघतच सांगितली असणार.

आणि आणखी एक. ७-८ जूनला मिरग लागतो तेव्हा मृगाचे तारे दिसत नाहीत. सूर्यच तेव्हा त्यांच्यात असतो, ते दिवसा उगवतात नि दिवसा मावळतात. आम्ही राखणदार देवाला राखण देतो, कोंबडा होतो, लाल मखमली किडा अंगणात शोधतो, नांगर धरतो. सगळं त्या बाण लागलेल्या हरणाच्या नावाने, आणि ते हरीण तेव्हा उजेडात बुडालेलं असतं. मी होडीवर असताना याचा खूप विचार केलाय. निर्मात्याला शिक्षा झाली, तो वर गेला, आणि तो दिसेनासा झाला की आपल्याकडे पेरणी होते.

टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, १८५६ सालचा. १८९३ मध्ये त्यांचं 'ओरायन' हे पुस्तक आलं, ते याच मृगावर. वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाची सूर्याची जागा, एकेकाळी मृगशीर्षात होता, त्यावरून वेदांचा काळ मागे नेता येतो असं त्यांचं म्हणणं. काळाचा वाद बाजूला ठेवा, पण ही प्रजापतीची कथा त्यांनी आकाशाशी ताडून वाचली होती.

आखणी ताई, ग्रीकांच्या नेहमीच्या नावांत फायनोन म्हणजे शनी. गुरू म्हणजे फाएथोन. तुमच्या गोष्टीत कोणता?

आखणी:

मिरगदादा, बरोबर आहे तुमचं. हायजिनस मात्र फायनोनला ज्युपिटरचा तारा म्हणतो, म्हणून मी गुरूच धरला. गोष्टीलाही तेच शोभतं. ज्याच्याकडे नेला त्याच्याच ताऱ्यात ठेवला.

रेघेचं आजच कळलं. इतकी वर्षं मृग बघत आले, ती रोहिणीकडे जाते हे कधी पाहिलं नव्हतं.

पोथीकाका, फरक पटला. पण दोन्हीकडे घडवणारा एक गोष्ट विसरतो, की घडवलेलं आता आपल्या हाताखेरीज वेगळं आहे. आमच्याकडे ते विसरायची सोय नाही, कारण खाली पाट असतो. मातीच्या खाली दुसऱ्याचं लाकूड. बाबांनी फडकं कितीही ओलं ठेवलं तरी पाट कोरडाच राहणार होता. प्रोमिथ्यूसला पाट नव्हता. तो माती थापायचा ती सरळ जमिनीवर.

खाडीपलीकडे:

मला या सगळ्या गोष्टी वाचताना एक टोचतं. सगळे निर्मात्याचं मन बघतायत. रोहितला काय वाटलं? ती हरिणी का झाली, तर पळण्यासाठी. शतरूपा प्रदक्षिणा घालत होती तेव्हा ज्या बाजूला ती जाई त्या बाजूला तोंड फुटत होतं. तिच्या जागी उभं राहून बघा. याला प्रेम म्हणायला माझी जीभ वळत नाही. आखणी, तुमच्या बाबांचं मला समजलं आणि डोळे भरून आले, कारण मूर्तीला पळायचं नव्हतं. जिवंत माणसाची गोष्ट आली की मात्र मी घडवलेल्याच्या बाजूला.

आखणी:

ताई, तुम्ही म्हणता ते मी पहिल्या दिवशी लिहायला हवं होतं. शतरूपाच्या जागेवरून मी कधी पाहिलंच नव्हतं.

फायनोनच्या गोष्टीत मला एक गोष्ट पुन्हा वाचताना दिसली. प्रोमिथ्यूस त्याला ठेवतो, क्युपिड त्याच्याबद्दल सांगतो, ज्युपिटर त्याला बोलावतो. त्याच्याशी बोलतो तो एकटा मर्क्युरी. समजूत काढली असा शब्द आहे, उचलून नेलं असं नाही. म्हणजे त्याला नाही म्हणता आलं असतं. इतक्या छोट्या गोष्टीत त्या पोराला एवढी जागा ठेवलेली आहे.

कुडाळ ते ऑकलंड:

खाडीपलीकडे ताईंच्या प्रश्नावर. मी अकरा वर्षं न्यूझीलंडमध्ये आहे. इथल्या माओरी लोकांची गोष्ट नेमकी हीच आहे आणि तिच्यात घडवलेली बोलते.

ताने हा वनांचा देव. त्याने कुरावाका नावाच्या जागी तांबड्या मातीतून पहिली बाई घडवली, हिने-आहु-ओने. अर्थ साधारण मातीतून उभी केलेली स्त्री. तिच्या नाकात श्वास फुंकला आणि ती शिंकली. इथे आजही भाषणाच्या सुरुवातीला 'तिहेई माउरी ओरा' म्हणतात, जिवाची ती शिंक. तिच्यापासून त्याला मुलगी झाली, हिने-टीटामा, पहाटेची कन्या. तिलाही त्याने बायको केलं. तिला माहीत नव्हतं. एक दिवस तिने विचारलं, माझा बाप कोण? उत्तर कळल्यावर ती थांबली नाही. खाली मृतांच्या लोकात निघून गेली. ताने मागे गेला तेव्हा तिने त्याला परत पाठवलं: तू वर आपल्या लेकरांना वाढव, मी इथे थांबून त्यांना आत घेईन. तिथे ती हिने-नुई-ते-पो झाली, रात्रीची थोरली बाई. मेलेलं प्रत्येक माणूस तिच्याकडे जातं.

पोथीकाका, उषा आणि ही पहाटेची कन्या. दोन्हीकडे पहाट, आणि दोन्हीकडे ती बापापासून दूर जाते. अर्थात रोज सकाळी हेच घडतं म्हणा, उजेड वर आला की पहाट संपते. मला इथे पहिल्यांदा ही गोष्ट ऐकवली गेली तेव्हा मी शाळेत, म्हणजे कुडाळच्या गणपतीच्या शाळेत, गुडघाभर चिखल तुडवत असल्यासारखं वाटलं. कुरावाकाची माती लाल. आपलीही लाल.

जुनी पोथी:

फार सुंदर. ही कथा मला माहीत नव्हती. तिने बापाला शिक्षा मागितली नाही, काम वाटून घेतलं, हे मी बराच वेळ मनात घोळवतो आहे. आमच्या कथेत देवांना सगळी भयंकर रूपं एकत्र करावी लागली. तिथे एका प्रश्नाने काम झालं.

पेणची माती:

आखणी ताई, मी तुमच्याशी थोडं भांडणार आहे.

पाटाचं तुम्ही म्हणता ते सुंदर आहे, पण आमच्याकडे पाट येत नाही. ट्रक येतो. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात वर्षभर हेच काम चालतं. चवथ संपून दिवाळी झाली की साचे पुन्हा बाहेर निघतात. आमची मूर्ती कुणाच्या घरी जाणार ते आम्हाला कधीच कळत नाही. कच्ची मुंबईला, पुण्याला जाते, तिथे कुणीतरी रंगवतं, तिसराच कुणी विकतो. मग तुमच्या हिशेबाने आम्ही सगळे प्रोमिथ्यूसच झालो की, जमिनीवर माती थापणारे. आणि तरीही आम्ही देतो. दर वर्षी, हजारांनी. पाट नसताना देणं जास्त अवघड आहे, कारण आई विचारू शकत नाही की हा कुणाचा.

एका साच्यातून दोनशे काढल्या तरी एखादी वेगळी निघते, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. साचा तोच, माती तीच, पण जोड बुजवताना, कान लावताना, बोट कुठेतरी जरा जास्त थांबतं. माझ्या मामाने अशी एक ठेवून घेतली. विकली नाही, रंगवली नाही, माळ्यावर ठेवली. चार वर्षं. रोज शिडी चढून बघून यायचा. मामी म्हणायची, देवाला असा कोंडू नये. तो म्हणायचा, हा देव नाही, अजून प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, ही माझी माती आहे. चौथ्या पावसाळ्यात दमट हवेने एक हात सुटून पडला. मामाने जोडला नाही. बादलीत पाणी घेतलं, मूर्ती आत ठेवली. सकाळी चिखल झाला होता. तो त्याने नव्या मातीत टाकला, कापूस घालून कुटला आणि दिवसभर साचे भरले. ती माती कुठल्या मूर्तीत गेली हे बघायचंच नाही असं ठरवून पाठ करून बसला होता. त्या वर्षीचा सगळा ट्रक त्याने स्वतः भरला, एकही मूर्ती दुसऱ्याला उचलू दिली नाही.

मला वाटतं, प्रोमिथ्यूसकडे मर्क्युरी यायच्या आधी तो एक पावसाळा जायला हवा होता.

आखणी:

तुमचं म्हणणं मान्य. पाटामुळे देणं सोपं होतं हे मी पाहिलंच नव्हतं, मला वाटायचं त्यामुळे ते अवघड होतं. मामांना माझा नमस्कार सांगा.

प्राणप्रतिष्ठेचं तुम्ही लिहिलंत त्यावरून एक. रोमन काळातल्या दगडी शवपेट्यांवर प्रोमिथ्यूस माणूस घडवताना कोरलेला सापडतो. तो बसलाय, पुढ्यात मातीचं छोटं माणूस. आणि बाजूला अथीना, म्हणजे रोमनांची मिनर्व्हा, त्या माणसाच्या डोक्याशी फुलपाखरू धरून उभी. फुलपाखरू म्हणजे जीव, ग्रीकमध्ये दोन्हीला एकच शब्द. म्हणजे आकार त्याने दिला, जीव दुसऱ्याने घातला. आमचं तसंच आहे. शाळेतून निघते तेव्हा ती माती असते. प्राण येतात ते दुसऱ्याच्या घरात, भटजींच्या मंत्राने, गणपतीवर बांधलेल्या माटवीखाली, आणि मूर्तिकार तेव्हा आपल्या घरच्या गणपतीपुढे असतो. बाबांनी हजारो मूर्ती केल्या असतील. त्यातली जिवंत झालेली त्यांनी दरवर्षी एकच पाहिली, घरातली.

चाकरमानी:

मी घडवणारा नाही, नेणारा आहे. लालबागला राहतो, चवथीला गावी. इथली चर्चा वाचून दोन दिवस अस्वस्थ आहे. आम्ही मूर्ती डोक्यावर घेतो, तोंडावर कापड टाकतो, 'मोरया' म्हणतो आणि निघतो. मागे वळून मूर्तिकाराकडे कधी पाहिलेलं आठवत नाही. नारळ, विडा, पैसे पाटावर ठेवले की झालं.

पण पाचव्या दिवशी नदीवर हेच आमच्या वाट्याला येतं. माझी मुलगी पाच वर्षांची असताना मूर्ती पाण्यात जाऊ देईना, पायाला मिठी मारून बसली होती. सोंडेचा रंग तिच्या फ्रॉकला लागला. माझ्या आईने तो फ्रॉक धुतला नाही, तसाच ट्रंकेत ठेवलाय.

पिग्मॅलियनचं कुणीच कसं काढलं नाही? त्याने घडवलेली मूर्ती तर त्याला मिळाली.

आखणी:

मिळाली खरी. पण तो सायप्रसचा शिल्पकार, माणसांचा निर्माता नव्हे. हस्तिदंतात एक मूर्ती कोरली, स्वतःसाठीच, आणि प्रेमदेवता अ‍ॅफ्रोडाईटीच्या सणाला नवस बोलला. रोमन कवी ओव्हिड सांगतो, त्याच्या बोटांखाली हस्तिदंत मेणासारखा मऊ होत गेला. ते वर्णन मूर्ती करणाऱ्या माणसाने वाचावंच, ओल्या मातीला हात लावल्यावर अगदी तसंच वाटतं. पण त्याला कुणापुढे काही नेऊन उभं करायचं नव्हतं. मला त्याचं बरं वाटतं, जवळचा मात्र प्रोमिथ्यूसच वाटतो.

तुमच्या मुलीच्या फ्रॉकचं बाबांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, कोणता रंग लागलेला?

मिरग:

पौसानियस नावाच्या ग्रीक प्रवाशाने दुसऱ्या शतकात लिहून ठेवलंय की पानोपिअस गावाजवळच्या घळीत गाडीभर होतील एवढे दोन मोठे दगड होते, मातीच्या रंगाचे. लोक म्हणत, प्रोमिथ्यूसने माणसं घडवली त्यातली ही उरलेली माती. आणि त्या दगडांना माणसाच्या अंगाचा वास येतो, असं तो लिहितो. ताई, शाडूला कसला वास येतो?

आखणी:

सुका असताना काही नाही. भिजवून दोन रात्री ठेवला की येतो. लहान बाळाच्या टाळूला तेल लावल्यावर येतो ना, त्याच्या जवळपास. मी हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

खाडीपलीकडे:

बाबांना तुम्ही फायनोनची गोष्ट सांगितलीत का? त्यांचं मत ऐकायची फार इच्छा आहे.

आखणी:

काल सांगितली. पाऊस लागला होता, वीज नव्हती, ते माती तिंबत होते. बाबांना आता मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही, पण माती त्यांना डोळ्यांनी बघावी लागत नाही. गोष्ट पूर्ण ऐकली. प्रोमिथ्यूसबद्दल काहीच बोलले नाहीत. त्याचं चुकलं की नाही, यातलं काही नाही. थोड्या वेळाने विचारलं,

"मगे तेका पाण्यात कोणी सोडल्यान?"

मी म्हटलं, कोणीच नाही बाबा. तो वर आहे, आकाशात. तारा झाला.

"म्हंजे अजून तसोच आसा? सुको?"

मी म्हटलं, हो.

"बिचारो," म्हणाले, आणि गोळ्यावर पाणी शिंपडलं.

मी इतके दिवस घडवणाऱ्याचं दुःख धरून बसले होते. बाबांना त्या पोराची काळजी पडली. फायनोनचं अमर होणं त्यांच्या कानाला शिक्षेसारखं ऐकू आलं. प्रजापतीचंही तसंच की, पोटात बाण घेऊन अजून वर आहे. मी पुढे काही बोलले नाही.

जुनी पोथी:

मी हा प्रश्न आयुष्यात कुठल्याही टीकेत वाचलेला नाही. तुमच्या वडिलांना माझा साष्टांग नमस्कार.

पेणची माती:

मामाला वाचून दाखवलं. तो उठून बाहेर गेला.

आखणी:

सगळ्यांचे आभार. मिरगदादा, मार्गशीर्षात बाबांना किनाऱ्यावर नेईन. तोवर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल, तिकांडा दाखवायचाय.

आज सकाळी यंदाचा पहिला पाट आला. पोरगा पावसात सायकलवरून घेऊन आला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. मी खालचं नाव बघायला पाट उलटा करत होते, तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला. कडेवरून बोटं फिरवली, एका कोपऱ्याला जुना तडा आहे तिथे थांबली. डोंगराकडच्या त्याच घराचा पाट.

"फुडल्या फळयेर ठेव," म्हणाले.